दहापैकी किती

सोमवार, ३ नोव्हेंबर

आज पहिल्यांदा क्लिनिकच्या मंजुषा मॅडम शेजारी नसताना सुई घातली. कचरूकाकांना.

पुण्याच्या तीन दिवसांच्या कोर्समध्ये आम्ही एकमेकींनाच टोचत होतो. तिथे सगळे फिजिओथेरपिस्ट, काय होणार ते सगळ्यांना माहीत. इथे समोर खरा माणूस — पंचावन्न वर्षांचा शिंपी, चाळीस वर्षं मशीनवर वाकून उजवा खांदा आणि कोपराखालचा हात आखडलेला. आणि मी, डिग्री हातात येऊन सात महिने झालेली.

"जल्मभर दुसऱ्याच्या कापडात सुई खुपसली डॉक्टरबाई," काका म्हणाले. "आता माझी पाळी."

मी डॉक्टर नाही, फिजिओ आहे, असं सांगितलं. "तेच ते," म्हणाले.

मग नेहमीचं समजावणं. ही इंजेक्शनची सुई नाही. पोकळ नसते, हिच्यात औषध नसतं. केसासारखी बारीक असते. स्नायूत जिथे गाठ धरलेली असते तिथे ती पोचली की स्नायू एकदम उडतो आणि मग सैल पडतो. म्हणून ड्राय नीडलिंग. कोरडी सुई. काका विचारात पडले. "औषध नायच? मंग ती आत जाऊन करती काय?"

मी कोर्समधलं सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असंल. तुम्ही शिकलेल्या."

दहापैकी किती, विचारलं. म्हणाले, आठ.

आता बघ — दारातून येताना म्हणत होते, 'थोडंच दुखतंय'. आणि आकडा आठ! लोक बोलताना लाजतात, आकड्यात खरं सांगतात. हे लक्षात ठेवायचं.

जाताना माझ्या पांढऱ्या कोटाकडे बघून म्हणाले, "हा कुणाचा?" मॅडमचा जुना आहे, खांदे उतरतात. त्यांनी तिथल्या तिथे मापं घेतली. कापड मी नेऊन द्यायचं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आमच्या गावाहून, पिशोरहून, आवडामावशी आली आहे. आईची थोरली बहीण. आईला देवगाव रंगारीकडच्या एका म्हाताऱ्याकडे न्यायचं म्हणते, डाग द्यायला. तापवलेल्या सळईचा चटका, दुखऱ्या जागेवर. मावशीच्या स्वतःच्या पाठीवर तसे पाच आहेत. पोलकं वर करून दाखवले.

आईचा उजवा खांदा चार वर्षं दुखतोय. चितेगावच्या कंपनीत पॅकिंगला आहे — पट्ट्यावरून खोकी उचलायची आणि डोक्याच्या वरच्या रॅकवर ठेवायची. आता हात कानापर्यंतही जात नाही. केस मी विंचरते तिचे.

मी मावशीला म्हटलं, भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लावल्यात आपल्या घरात, आणि पाठीवर डाग?

मावशी म्हणाली, "डाग मंजी देव हाय का? विस्तव हाय तो. विस्तवाला कोणती प्रतिज्ञा लागती?"

खरंच, लागत नाही.

पण भाजलेली कातडी मी पाहिली आहे, हॉस्पिटलच्या ट्रेनिंगमध्ये. त्यात पू झालेला पाहिला आहे. आईच्या खांद्यावर ते नको. मी म्हटलं, मला पाच बुधवार द्या. बुधवारी तिची सुट्टी असते. मी सुई लावते, दर वेळी आकडा विचारून वहीत लिहिते. पाच बुधवारांनी वहीत फरक नाही दिसला, तर मी स्वतः म्हणेन, जा.

बाबा सातवीपर्यंत शिकलेत, पण वाद असला की न्यायाधीश तेच. "कोरडी सुई? ड्राय डेला दुकान बंद असतं, तशी हिच्यातली दवा बंद का?" असं म्हणून स्वतःच हसले. मग म्हणाले, "पोरगी बरोबर बोलती. पाच बुधवार."

आई भाकरी थापत होती, डाव्या हाताने.

बुधवार, ५ नोव्हेंबर

आई क्लिनिकमध्ये आली ती नवी साडी नेसून, जसं काही माझं गॅदरिंग आहे. मॅडमना वाकून नमस्कार करायला निघाली, मॅडमनी हात धरला.

दहापैकी किती?

आईने माझ्याकडे पाहिलं, खांद्याकडे पाहिलं, बराच विचार केला. "तीन."

चार वर्षं रात्री कूस बदलता येत नाही आणि तीन. आई सोसणारी आहे. तिचं तीन म्हणजे इतरांचं आठ. पण वहीत मी तीनच लिहिलं. आकडा आपण बदलायचा नसतो.

खांद्याच्या वरच्या कडेला गाठ लगेच सापडली. चण्याएवढी. सुई टेकवली, आत सरकवली, आणि स्नायू उडाला. आई दचकून म्हणाली, "आगं, आत कोन हाय?"

विचारलं, ही ओळखीची कळ आहे का, नेहमीची?

"व्हय. हीच. लई जुनी ओळख हाय."

मला इतका आनंद झाला. ओळखीची कळ आली म्हणजे जागा बरोबर.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आईचा खांदा ठणकतोय. सुईनंतर एक-दोन दिवस असं होतं, पुस्तकात आहे. मी शेक दिला. मावशी नुसती शेकाच्या पिशवीकडे बघत होती. दुपारी पिशोरला परत गेली.

सोमवार, १० नोव्हेंबर

कचरूकाका — सहा! एका आठवड्यात आठावरून सहा.

कोटाचं कापड दिलं. पुढच्या सोमवारी तयार, म्हणाले.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आई — चार.

तीनचं चार झालं. पहिल्या सुईचा ठणका अजून असेल. किंवा मी नीट विचारलं नसेल. पुन्हा विचारलं, दहापैकी किती, नीट सांग. आई म्हणाली, "चारच. जास्त कसं सांगू?"

म्हणजे ती आधीच कमी करून सांगतेय? मनात पाच असेल का मग?

सोमवार, १७ नोव्हेंबर

काका पाचवर आले. आज कोपराखाली तीन सुया घातल्या. शेवटची मी काढत होते तेव्हा काका म्हणाले, "झालं? तुमची सुई तर कळतच नाय डॉक्टरबाई."

मॅडम पडद्यापलीकडे होत्या. नंतर मला म्हणाल्या, "हलका हात आहे तुझा. हे शिकवून येत नाही." दिवसभर तेच मनात.

कोट झाला नाही. शिंप्यांचं हे सगळीकडे सारखंच, मी थट्टा केली. काका हसले. सणाच्या ब्लाउजांसारखं आजचं उद्या नका करू, म्हटलं. "नाय नाय, तुमचा आधी," म्हणाले.

बुधवार, १९ नोव्हेंबर

आई — सहा.

काय चुकतंय?

गाठ आता चण्याएवढी नाही, हाताला नीट लागतसुद्धा नाही. स्नायू पूर्वीसारखा उडत नाही. माझी बोटं सांगतात सुधारणा आहे. आकडा सांगतो दुखणं दुप्पट झालं. बोटांवर विश्वास ठेवायचा की आकड्यावर? मी स्वतःची बोटं मानली तर माझ्यात आणि देवगावच्या म्हाताऱ्यात फरक काय? तोही बोटांनीच ओळखतो म्हणे.

संध्याकाळी मोबाइलवर चार अभ्यास वाचले. एकात लिहिलंय, थोड्या काळापुरता चांगला फायदा. दुसऱ्यात — खोटी सुई, म्हणजे नुसती टेकवलेली, आत न घातलेली, तिनेही जवळपास तेवढाच. तिसऱ्यात — व्यायामाबरोबर द्या. चौथ्यात — आणखी अभ्यासाची गरज आहे. मग मी काय करू? कोर्समध्ये तर सर इतक्या खात्रीने बोलत होते.

डोकं नुसतं गरगरतंय. कोरडी सुई. आत काहीच नसतं, हे मी लोकांना किती अभिमानाने सांगते.

गुरुवार, २० नोव्हेंबर

आईने वरच्या फळीवरचा पिठाचा डबा काढला. उजव्या हाताने. मी बघतेय हे तिला माहीत होतं.

माझ्यासाठी करते आहे. मला वाईट वाटू नये म्हणून. दहावीला माझ्या परीक्षेच्या दिवसांत तिला ताप होता, आणि तो आम्हाला निकालानंतर कळला. अशी आहे ती. तोंडाने, हाताने खोटं वागेल. आकडा विचारला की मात्र तिला खोटं बोलता येत नाही, कारण तो वहीत जातो. वहीत जाणाऱ्या गोष्टीचा तिला फार मान.

सोमवार, २४ नोव्हेंबर

कचरूकाका — तीन. मॅडमनी माझ्या हातातून चार्ट घेतला आणि रिसेप्शनवरच्या सायलीला दाखवला. आठ, सहा, पाच, तीन. रेघ कशी खाली उतरत आली आहे. १४ डिसेंबरला शहरातले फिजिओ एकत्र जमणार आहेत, तिथे ही केस मी मांडायची.

मी! पिशोरच्या पुंडलिकची मुलगी. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "माइक असतो का तिथं?" असतो म्हटलं.

कोट आजही नाही. १४ तारखेपर्यंत तरी द्या काका, म्हटलं. ते हात चोळत म्हणाले, "बघतो." त्यांच्या गळ्यात आज टेप नव्हती. नेहमी असते.

बुधवार, २६ नोव्हेंबर

आई — सात.

मॅडमना विचारलं. आई असं न सांगता, एक पेशंट म्हणून. तीन, चार, सहा, सात. मॅडम म्हणाल्या, "दुखणं चढत चाललंय तर थांब. जागा चुकतेय किंवा मूळ दुसरीकडे आहे. सुई म्हणजे हट्ट नव्हे, रूपा." मग बारीक डोळे करून, "आईचं का?"

हो म्हटलं. रडू आलं. सायलीने पाणी दिलं.

तेच हात, तीच सुई. शिंप्याला उतार पडतो आणि आईला चढतं. माझ्या हाताने परक्याचं भलं होतं आणि घरच्याचं होत नाही, असं काही असतं का? नसतं. असा विचारसुद्धा मी करायला नको. पण आला.

सोमवार, १ डिसेंबर

काका — दोन.

मी टाळीच वाजवली. म्हटलं, फार छान काका, अजून खाली आणू.

"अजून?" म्हणाले.

हो, शून्यापर्यंत.

माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं. तुम्ही मन लावून करता, ते दिसतंय." उठताना डाव्या हाताने टेबल धरलं. किती साधा माणूस आहे. या एका माणसामुळे मी अजून क्लिनिकला जाते आहे.

बुधवार, ३ डिसेंबर

पाचवा बुधवार.

रात्रभर ठरवलं होतं की आज विचारायचंच नाही. पण मग शब्दाला काय अर्थ? विचारलं. दहापैकी किती?

आईने लगेच सांगितलं, जरा हसूनच. "आठ."

हसून. मला सावरायला हसली. त्या हसण्यानेच माझं सगळं गेलं.

सुई लावली नाही. पाकीट फोडलंच नाही. घरी आल्यावर मावशीचा फोन आला. "काय म्हणती वही?" मी सांगितलं, रविवारी तिला घेऊन जा. मावशी म्हणाली, "रडू नको माय. शिकलेल्याला पण समदंच येतं असं नाय." टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

आईला म्हटलं, मावशीबरोबर देवगावला जाऊन ये. माझ्याच्याने तिच्याकडे बघवलं नाही. आई म्हणाली, "मी? काहून?" मी म्हटलं, आपलं ठरलं होतं ना. वही बघून ठरलं होतं.

"बरं," म्हणाली. "तू म्हणतीस तर."

शुक्रवार, ५ डिसेंबर

दिवसभर सळई डोळ्यांपुढे. मीच पाठवते आहे. मावशी नाही, मी.

शनिवार, ६ डिसेंबर

आज पांढरी साडी नेसून आई चौकातल्या अभिवादनाला गेली. मी उठायच्या आत आवरून बसली होती. अंबाडा घातलेला, नीट, मागे उंच.

बाबांना विचारलं, तुम्ही घातला का? म्हणाले, "मला येतो का?"

मग कोणी घातला?

दुपारपर्यंत तेच डोक्यात. एक हात मागे नेऊन दुसऱ्याने पीळ द्यावा लागतो. आठ असलेला खांदा तिथवर जातच नाही. आणि हे नाटक कोणासाठी? मी तर झोपले होते.

आईला विचारायला गेले, तर बायका बसल्या होत्या. काही कळत नाही. मला खरंच काही कळत नाही.

रविवार, ७ डिसेंबर

सगळं जसं झालं तसं लिहिते.

सकाळच्या एसटीने आई आणि मावशी गेल्या. मी दार लावून बसले. बर्नचं मलम, जाळीची पट्टी, सगळं आणून ठेवलं होतं. चारला आई आली. मावशी मागे, तोंड फुगवून. मी धावत जाऊन आईचा पदर सरकवला. खांदा कोरा. काहीच नाही.

"डाग नाय दिला त्यानं," आई म्हणाली.

मावशी म्हणाली, "देतो कसा? हिला जागाच सापडंना."

झालं असं. म्हाताऱ्याने सळई विस्तवात घातली आणि म्हणाला, बाई, जिथं लई दुखतं तिथं बोट ठेव. आईने बोट ठेवलं. दाबून पाहिलं. दुसरीकडे ठेवलं. मागे नेऊन पाहिलं. म्हातारा म्हणाला, "दुखत नाय तर आलीस काहून? माझा विस्तव वाया घालवाया?" आई म्हणाली, "लेकीनं धाडलं." तिथे बसलेली माणसं म्हणे पाच मिनिटं हसत होती. मावशीला त्याचाच राग.

मी म्हटलं, आई, दुखत नाही? मग बुधवारी आठ कसं म्हणालीस?

"आठ दिले की."

दिले?

"दहा देणार होते. पण मंग तू डोक्यावर बसली असतीस."

मी वही आणली. हे तीन बघ, हे चार, सहा, सात, आठ — काय आहेत हे? आईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मलाच ताप आलाय. "मार्क," म्हणाली. "दहापैकी मार्क. तुझ्या शाळेच्या वह्यांवर लाल पेनानं असायचे तसे. पयल्या दिशी तीन दिले, सुई लावायच्या आधी तेवढेच मिळनार. मंग गुण येत गेला तसे वाढवले. आठ दिले तरी तू तोंड पाडून म्हणतीस, जा देवगावला. मला वाटलं, दहाच पायजे व्हते हिला."

बाबा म्हणाले, "मंजी हात पास झाला."

"हात काय शाळंत गेलाय का?" आई म्हणाली. "मार्क हिचे होते."

मी पाच बुधवारांत एकदाही 'दुखणं किती' असं म्हटलं नाही. 'दहापैकी किती?' एवढंच. कॉलेजमध्ये सगळे तसंच विचारायचे, कोणालाच अडायचं नाही. आणि आमच्या घरात दहापैकी, शंभरपैकी हे शब्द आले ते फक्त माझ्या शाळेतून. आईच्या दृष्टीने त्यांना दुसरा अर्थच नव्हता.

मावशीसुद्धा शेवटी हसली. मग म्हणाली, "माझी कंबर बी दुखती. एक बुधवार मला दे." मी म्हटलं, आधी ते डाग पुन्हा नीट दाखव, मग बघू. आईने चहा टाकला. डबा वरच्या फळीवरून काढला. मी बघत बसले.

पाच आठवड्यांनी आज पोटभर जेवले.

सोमवार, ८ डिसेंबर

कचरूकाका आले. हातात माझं पांढरं कापड, दिलं होतं तसंच घडी घातलेलं. कापलेलंसुद्धा नाही.

"कात्री धरवत नाय डॉक्टरबाई. बोटाला सुई लागली तरी कळत नाय आता."

मॅडमना हाक मारली. त्या येईपर्यंत विचारलं, काका, मागच्या सोमवारी दोन म्हणालात. दोन म्हणजे काय?

"नापासच की," ते म्हणाले. "पण तुम्ही टाळी वाजवली. मंग मी काय बोलू?"